माइल्सची हुंडी वटवावी केव्हा?

व्यापारी घरात पैशाचा हिशेब रोजच्या रोज वहीत उतरतो. गल्ल्यातील रोकड, बँकेतील शिल्लक, येणे-देणे, गोदामातील माल, यांपैकी काहीही नोंदीवाचून राहत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत याच घरांत एक अशी मत्ता साठू लागली आहे की जिचे खाते खतावणीत कोठेही उघडलेले नसते. ती म्हणजे क्रेडिट कार्डावरील रिवॉर्ड पॉइंट आणि विमान कंपन्यांचे माइल्स. पेढीसाठीची खरेदी, विम्याचे हप्ते, मुलांच्या शिक्षणाचे शुल्क, लग्नकार्याचा खर्च असे व्यवहार कार्डावरून होऊ लागले आणि एकेका कुटुंबाच्या नावे हजारो, कधी लाखो पॉइंट जमा झाले. या पॉइंटांतून विमानाचे तिकीट मिळते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. तरीही त्यांतील काही मुदत संपून वाया जातात, तर काही मिक्सर, घड्याळ किंवा खरेदी-कुपन यांच्या मोबदल्यात कवडीमोलाने खर्ची पडतात.

जुन्या व्यापाऱ्यांना हुंडीचा व्यवहार परिचित होता. दर्शनी हुंडी दाखवताच वटत असे आणि मुदती हुंडी ठरल्या दिवशी. माइल्स हीही एक प्रकारची हुंडीच आहे. फरक इतकाच की तिच्यावर रक्कम लिहिलेली नसते आणि तिचा दर हुंडी काढणाऱ्याला एकतर्फी बदलता येतो. अशी हुंडी हाती असताना ती कशी मोजावी, कोठे वटवावी आणि किती काळ जवळ ठेवावी, हे समजून घेणे व्यापारी कुटुंबांच्या हिताचे आहे.

या योजनेचा उगम

अमेरिकेत १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली आणि भाड्यांची तीव्र स्पर्धा सुरू झाली. नेहमीचे गिऱ्हाईक टिकवून धरण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके माइल्स खात्यात आणि पुरेसे माइल्स साठले की विनामूल्य तिकीट, असे तिचे साधे स्वरूप होते. युनायटेड एअरलाइन्सने काही दिवसांतच तिचे अनुकरण केले आणि पाहता पाहता जगभरातील कंपन्या याच वाटेने गेल्या.

पुढे माइल्स प्रवासापुरते मर्यादित राहिले नाहीत. बँका, हॉटेले आणि दुकानदार विमान कंपन्यांकडून माइल्स घाऊक दराने विकत घेऊन आपल्या ग्राहकांना बक्षीस म्हणून देऊ लागले. १९९९ मधील एक प्रसंग या व्यवहाराचे मर्म उत्तम दाखवतो. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीची जाहिरात काळजीपूर्वक वाचली. मालाच्या वेष्टनावरील पट्ट्या पाठवणाऱ्यास ती कंपनी माइल्स देणार होती. त्याने हिशेब मांडला आणि सुमारे ३,१४० डॉलर खर्चून पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले. डबे त्याने धर्मादाय संस्थेला दिले, पट्ट्या कंपनीला पाठवल्या आणि साडेबारा लाख माइल्स मिळवले. नियम कंपनीचेच होते. त्याने ते बारकाईने वाचले आणि प्रत्येक माइलची किंमत काढली, एवढेच.

या व्यवहारात पैसा कोणाचा?

दुकानदार कार्डावर पैसे घेतो तेव्हा त्याच्याकडून ठरावीक टक्केवारी कापली जाते. तिचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो आणि त्यातलाच काही अंश ती पॉइंटांच्या रूपाने ग्राहकाला परत करते. पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की बँक त्या कंपनीला माइल्सची किंमत चुकती करते. कंपनीला रोख आज मिळते आणि आसन मात्र पुढे केव्हातरी द्यावे लागते. तेही बहुधा असे आसन की जे कदाचित रिकामेच गेले असते.

हा व्यवसाय केवढा मोठा झाला आहे, हे करोनाच्या काळात दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना अमेरिकेतील कंपन्यांनी आपल्या माइल्स योजना तारण ठेवून कर्जे उभारली. २०२० मध्ये युनायटेडने ६.८ अब्ज डॉलर आणि डेल्टाने ९ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये याच मार्गाने १० अब्ज डॉलर मिळवले. कर्ज देणाऱ्याने तारण म्हणून जी वस्तू इतक्या विश्वासाने स्वीकारली, तिचे मोल खातेदाराने शून्य धरावे, यात व्यवहारचातुर्य नाही.

एका माइलची किंमत कशी काढावी?

माइल्सवर मिळणारे तिकीट पूर्णपणे फुकट नसते. विमानतळ शुल्क, कर आणि काही कंपन्यांच्या बाबतीत इंधन अधिभार रोखीनेच भरावा लागतो. म्हणून किंमत काढण्याची रीत अशी : त्याच प्रवासाच्या रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावर भरावी लागणारी रोख वजा करावी आणि बाकीला लागणाऱ्या माइल्सनी भागावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, जाण्या-येण्याचे तिकीट रोखीने ३६,००० रुपयांना मिळते. माइल्सवर घेतल्यास ३०,००० माइल्स आणि ९,००० रुपये रोख लागतात. बचत २७,००० रुपयांची, म्हणजे एका माइलचे ९० पैसे झाले. आता बँकेचे दोन पॉइंट दिल्यावर एक माइल मिळत असेल, तर ६०,००० पॉइंट खर्ची पडले आणि एका पॉइंटला ४५ पैसे मिळाले. तीच बँक प्रत्येक पॉइंटला ५० पैशांचे खरेदी-कुपन देत असेल, तर कुपनातून ३०,००० रुपये सुटतात. अशा वेळी माइल्सचा मोह सोडून कुपन घेणे आणि तिकीट रोखीने काढणे अधिक फायद्याचे. शिवाय माइल्सच्या तिकिटावर बहुधा नवे माइल्स मिळत नाहीत, रोख तिकिटावर मिळतात.

बिझनेस क्लासचा हिशेब वरवर पाहता डोळे दिपवतो. समजा, त्याचे रोख भाडे १,६०,००० रुपये आहे आणि त्यासाठी ८०,००० माइल्स व १६,००० रुपये लागतात. सूत्राप्रमाणे एका माइलचे मोल १ रुपया ८० पैसे येते. परंतु हे कुटुंब रोखीने कधीच बिझनेस क्लासचे तिकीट काढणार नव्हते, ३६,००० रुपयांचे साधे तिकीटच काढणार होते, तर प्रत्यक्षात वाचले २०,००० रुपये. त्या हिशेबाने माइलची किंमत २५ पैसे. वयोवृद्ध आई-वडिलांना रात्रभराच्या प्रवासात आडवे होता यावे, यासाठी माइल्स खर्चणे सर्वथा योग्य आहे. त्या सुखाची किंमत कुटुंबाने स्वतः ठरवावी. मात्र जो खर्च मुळात होणारच नव्हता तो ‘वाचला’ असे जमाखर्चात मांडू नये.

बँकेकडून विमान कंपनीकडे

पॉइंट दोन प्रकारचे असतात. काही कार्डे एकाच विमान कंपनीशी जोडलेली असतात आणि त्यांचे माइल्स थेट त्या कंपनीच्या खात्यात जातात. दुसऱ्या प्रकारात पॉइंट बँकेकडेच राहतात आणि ग्राहक त्यांतून हव्या त्या भागीदार कंपनीकडे ते वळवू शकतो. अमेरिकन एक्स्प्रेसची ‘मेंबरशिप रिवॉर्ड्स’ ही अशा योजनांपैकी जुनी योजना. भारतातही काही मोठ्या खासगी बँकांची उच्च श्रेणीतील कार्डे ही सोय देतात. हाच दुसरा प्रकार व्यापारी मनाला अधिक पटावा, कारण माल एकाच पेढीत अडकून पडत नाही.

यात एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी. पॉइंट एकदा वळवले की परत येत नाहीत. वळवण्यास काही तास ते काही दिवस लागतात आणि तेवढ्यात हवे ते आसन निघून जाऊ शकते. म्हणून आधी आसन उपलब्ध आहे याची खात्री करावी, ज्या कंपनीच्या खात्यात माइल्स न्यायचे ते खाते अगोदरच उघडून ठेवावे, पारपत्रावरील नाव, कार्डावरील नाव आणि खात्यावरील नाव तंतोतंत जुळते ना हे पाहावे, आणि मगच पॉइंट वळवावेत. बँकेने जादा माइल्सची सवलत जाहीर केली एवढ्याच कारणासाठी, प्रवासाचा बेत नसताना सारी शिल्लक एका कंपनीकडे नेणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना गोदाम भरण्यासारखे आहे.

विमान कंपन्यांचे संघ असतात, हेही ठाऊक असावे. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये स्थापन झाले. एका कंपनीचे माइल्स तिच्या संघातील दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरता येतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर किंवा एअर कॅनडाच्या एरोप्लॅन खात्यातील माइल्सवर एअर इंडियाचे आसनही घेता येते. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज या दोघींचे चलन ‘एव्हिऑस’ हे एकच असून, खाती जोडली की ते एकीकडून दुसरीकडे नेता येते. एकाच आसनासाठी वेगवेगळ्या योजनांत वेगवेगळे माइल्स आणि वेगवेगळा अधिभार लागतो. म्हणून दोन-तीन ठिकाणचे भाव विचारल्याशिवाय सौदा करू नये.

आसन मिळवण्याची रीत

प्रत्येक विमानात माइल्ससाठी मोजकीच आसने राखलेली असतात. सिंगापूर एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या तिकिटांची नोंदणी ३५५ दिवस आधी खुली होते. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चौघांना एकत्र जायचे असेल, तर जवळजवळ वर्षभर आधी ठरवावे लागते. प्रवासाच्या अगदी जवळ, न विकलेली आसने पुन्हा माइल्ससाठी खुली होतात. ज्यांना तारखेचे बंधन नाही त्यांना ही संधी साधता येते. चार आसने एका विमानात न मिळाल्यास दोघे-दोघे सलग दिवशी जाणे, किंवा मुंबईऐवजी दिल्ली, बंगळूर येथून निघणे, असे पर्याय खुले ठेवावेत.

कुटुंबातील इतरांसाठी तिकीट काढताना योजनेचे नियम आधी वाचावेत. क्रिसफ्लायरमध्ये खातेदार पाच व्यक्तींची नावे नोंदवू शकतो आणि त्यांनाच त्याच्या माइल्सवर तिकीट मिळते. ही नावे अगोदरच नोंदवून ठेवणे सोयीचे.

जेवणाची बाबही आपल्या घरांत महत्त्वाची. विमान कंपन्यांच्या सांकेतिक यादीत कंदमूळविरहित जैन आहारासाठी ‘व्हीजेएमएल’ हा संकेत आहे. माइल्सच्या तिकिटावरही तो आहार मागवता येतो. मात्र एका कंपनीच्या माइल्सवर दुसरीच्या विमानाचे तिकीट काढले असेल, तर ती विनंती विमान चालवणाऱ्या कंपनीपर्यंत आपोआप पोहोचेलच असे नाही. त्या कंपनीचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो. तो मागून घ्यावा आणि जेवणाची नोंद प्रवासाच्या किमान एक-दोन दिवस आधी तिच्याकडूनच पक्की करून घ्यावी.

साठवलेल्या मालाची झीज

रोकड बँकेत ठेवली तर व्याज मिळते. माइल्स ठेवले तर त्यांची झीज होते. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात. इतर योजनांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. पण मुदत संपण्यापेक्षा मोठा धोका दर बदलण्याचा. अमेरिकेत डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये माइल्सचे ठरावीक दरपत्रक मागे घेतले. तेव्हापासून तेथे तिकिटाचे माइल्स मागणीनुसार चढतात-उतरतात. आपल्याकडे १ सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस या कार्डाच्या मूळ प्रकारात पाच पॉइंटांना चार माइल्सऐवजी दोन माइल्स असे प्रमाण झाले. ज्याच्या खात्यात १०,००० पॉइंट होते त्याचे ८,००० माइल्स होणार होते, ते ४,००० झाले. नियमांत बदलाची मुभा असल्याने तक्रारीस फारशी जागा नव्हती.

कायद्याचा आधार किती तोकडा आहे, हे अमेरिकेतील एका निकालातून दिसते. नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात एका नित्य प्रवाशाचे सदस्यत्व कंपनीने रद्द केले होते आणि कंपनीने सद्भावनेने वागायला हवे होते, असा त्याचा दावा होता. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. योजनेच्या अटींत कंपनीला स्वतःच्या निर्णयाची मोकळीक असेल, तर सदस्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

आणि कंपनीच बंद पडली तर? किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा तिच्या माइल्सवर बसायला विमानच उरले नाही. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिचा माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीच्या नावे असल्याने तो पुढे ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालू राहिला. परंतु ज्या आसनांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे माइल्स साठवले होते ती आसने गेली ती गेलीच. विस्ताराचे सदस्य तुलनेने सुदैवी ठरले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले.

अनेक योजनांच्या अटींनुसार माइल्स ही सदस्याची मालमत्ता मानली जात नाही आणि त्याच्या निधनानंतर ते वारसांकडे जातीलच अशी हमी नसते. मुलाबाळांसाठी सोने जपून ठेवावे, माइल्स ठेवू नयेत. पुढील वर्ष-दीड वर्षातील प्रवासाला लागतील इतकेच माइल्स साठवावेत.

पॉइंट नेमके कोणाचे?

एकत्र व्यवसायात हा प्रश्न नाजूक ठरतो. चार भावांच्या भागीदारीत खरेदीचे व्यवहार एका भावाच्या कार्डावरून होत असतील, तर पॉइंट त्याच्या एकट्याच्या नावे जमतात. खर्च मात्र चौघांच्या भांडवलातून होतो. प्रारंभी रक्कम किरकोळ वाटते. पुढे त्याच पॉइंटांवर एका घराची सहल युरोपात होते, तेव्हा उरलेल्या तीन घरांत न बोललेली गोष्ट मनात राहते. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासातून मिळालेले माइल्स खासगी सहलींसाठी वापरल्याचे प्रकरण गाजले. त्यात काही खासदारांची नावे आली आणि बर्लिन प्रांताचे अर्थव्यवहार मंत्री ग्रेगोर गिझी यांनी ३१ जुलै २००२ रोजी पदाचा राजीनामा दिला. रक्कम फार मोठी नव्हती. दुसऱ्याच्या पैशावर मिळालेला लाभ स्वतःसाठी वापरला, हा मुद्दा होता.

पेढीतही हा मुद्दा आधीच मिटवता येतो. पेढीच्या खर्चासाठी पेढीच्या नावे व्यावसायिक कार्ड घ्यावे. त्यावरील पॉइंट पेढीच्या प्रवासासाठी वापरावेत, किंवा दरवर्षी त्यांचे मोल ठरवून भागीदारांत वाटावेत, हे भागीदारीच्या कागदात एका ओळीने लिहून ठेवावे. याला दुसरेही कारण आहे. बँकांच्या नियमांत वैयक्तिक कार्ड सामान्यतः व्यापारी खरेदीसाठी नसते. मोठ्या रकमांचे तेच ते व्यवहार दिसल्यास बँक चौकशी करते, कार्ड बंद करते आणि जमलेले पॉइंट जप्त होतात. ओळखीच्या दुकानदाराच्या यंत्रावर कार्ड फिरवून रोख परत घेण्याचा मार्ग तर मुळीच धरू नये. तो नियमबाह्य आहे आणि व्यापाऱ्याची पत त्यात पणाला लागते.

लाभाआधी तोटा पाहावा

या साऱ्या हिशेबाला एक अट आहे : दरमहा पूर्ण बिल मुदतीत भरले गेले पाहिजे. समजा, एक लाख रुपयांच्या खर्चावर १,५०० रुपये मोलाचे पॉइंट मिळतात. बिल थकले आणि साडेतीन टक्के मासिक व्याज लागले, तर एका महिन्याचे ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ६३० रुपये जीएसटी, म्हणजे एकूण ४,१३० रुपये गेले. वर्षाचा दर चाळीस टक्क्यांच्या वर जातो. बाजारात तारणावर मिळणाऱ्या कर्जाच्या तो कितीतरी पट आहे.

घाऊक व्यापारी कार्डाने पैसे घेताना दोन टक्के जादा लावत असेल, तर १,५०० रुपयांच्या पॉइंटांसाठी २,००० रुपये मोजले जातात. रोखीवरील वटाव सोडून कार्ड वापरले तरी परिणाम तोच. कार्डाने घरभाडे भरण्यावर अनेक बँका एक टक्का शुल्क आकारतात, तर परकीय चलनातील खर्चावर सामान्यतः दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. कार्डाची वार्षिक फीदेखील याच खात्यात नावे टाकावी. हे सारे वजा करून जे उरते तोच खरा नफा.

वर्षअखेरीस साठ्याची मोजणी होते, त्याच दिवशी एका कागदावर घरातील प्रत्येक कार्ड आणि प्रत्येक विमान खाते लिहून काढावे. शिल्लक किती, मुदत केव्हा संपते, आजच्या दराने रुपयांत मोल किती, नाव कोणाचे आणि येत्या वर्षी उपयोग कोणता, एवढे पाच रकाने पुरेत. ज्या खात्यापुढे शेवटचा रकाना रिकामा राहील, ते खाते त्याच महिन्यात वटवून मोकळे करावे.